मायनं कोणतं फळ सोडलं

फ्रूट सलाद सोपं असतं असं जे लोक सांगतात, त्यांची माय काशीला जाऊन आलेली नसते. बाकी त्यांचं सगळं बरोबर आहे. दूध आटवायचं, कस्टर्डची पूड कालवून टाकायची, गार झालं की फळं चिरून सोडायची. मी स्वतः जनपद पंचायतीच्या ऑफिसात चहाच्या वेळेला चार जणांसमोर हेच सांगितलं होतं, आणि आमच्या हेडक्लार्कनं, म्हणजे बडेबाबूंनी, मान हलवली होती. बडेबाबूंनी मान हलवली की काम बिघडतं, हा आमच्या ऑफिसचा अनुभव आहे. पण तो फाइलींपुरता असावा अशी माझी समजूत होती.

आता ऑफिसात टेबलावर बसणारा माणूस दूध कशाला आटवून राहिला होता, ते सांगतो. माझी माय पंचफुला बोरगावला माझ्या मोठ्या भावाकडं, श्रावणभाऊकडं राहते. मी नोकरीमुळं सौसरला. बस सुटली, कंडक्टरनं तिकीट फाडलं की बोरगाव आलंच समजा. तरी माझं लग्न होऊन मी घर मांडलं तेव्हापासून मायनं माझ्या घरी एक रात्र काढली नव्हती. डोळे दाखवायला यायची, बाजाराला यायची, दोन घास खायची, आणि उन्हं कलली की पिशवी उचलायची. "बस चुकन बापू." मी म्हणायचो, चुकू दे. ती म्हणायची, "तसं नाही जमत." काय नाही जमत, ते तिनं कधी सांगितलं नाही.

लोकांना मात्र न सांगता सगळं समजतं. आमची घरमालकीण कलाबाई. तिनं माझ्या बायकोला, अनुराधाला, एकदा तोंडावर विचारलं, "सासू कावून राहत नाही वं तुह्याकडं? काही बोलली काय तू तिले?" अनुराधा त्या दिवशी जेवली नाही. मीही जेवलो नाही, पण माझ्याकडं कोणाचं लक्ष गेलं नाही. मला ते फार लागलं होतं. माझ्या घरात असं काय कमी होतं? मी पंखा घेतला, मायसाठी वेगळी खाट घेतली, खाटेला मच्छरदाणी घेतली. त्या मच्छरदाणीत आजवर एकही माणूस झोपला नव्हता, फक्त मच्छर झोपत होते.

त्या फाल्गुनात माय पांढुर्ण्याच्या यात्रा बसनं काशी-गयेला गेली. परतीची बस शनिवारी दिवेलागणीला तिला सौसरच्या स्टँडवर उतरवणार होती, आणि श्रावणभाऊ बैलांची दमणी घेऊन तिला न्यायला येणार होता. मी ठरवलं, जेवण सगळ्यांचं माझ्याकडं, आणि माय त्या रात्री माझ्याकडंच राहील. त्यासाठी फ्रूट सलाद. कारण नागपूरच्या एका लग्नात मायनं ते दोनदा मागून घेतलं होतं आणि म्हणाली होती, "कायचं होतं व ते थंडगार, जीव गार झाला." दुसऱ्याच्या हातच्या पदार्थाची मायनं केलेली तारीफ माझ्या आठवणीत तेवढीच. अनुराधा म्हणाली, "अहो, मी शिरा करते ना." मी म्हणालो, शिऱ्यासाठी कोणी मुक्काम करत नाही. बाकीचा स्वयंपाक तू कर, गोड माझ्याकडं लागलं. तिनं माझ्याकडं नुसतं पाहिलं. बायकोनं असं पाहिलं की मागं हटता येत नाही.

शुक्रवारी संध्याकाळी फळांची पिशवी घेऊन मी गल्लीत शिरलो. केळी, चिकू, द्राक्षं, डाळिंब, पपई, चार सफरचंदं. संत्री श्रावणभाऊच्या बगीच्यातली घरी होतीच. ओट्यावर रामाजी बसले होते. रामाजी म्हणजे समोरचे रिटायर पटवारी. कोणाच्याही पिशवीत काय आहे हे पाहणं ते अजून सरकारी काम समजतात.

"काय हाये बाबू?"

"फळं. माय येते उद्या काशीहून. फ्रूट सलाद करून राहिलो."

"गयेलेबी गेली होती?"

"हो."

"मंग फळ सोडलं असन," रामाजी म्हणाले. "कोणतं सोडलं?"

मी पिशवी खाली ठेवली. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमच्याकडं गयेला जाऊन आलेला माणूस एक फळ सोडून येतो. तिथला पंडा सांगतो, जे सगळ्यात आवडतं ते इथं सोडा. मग ते फळ मरेपर्यंत तोंडात घालायचं नाही. आता आल्या आल्या, यात्रेची धूळ अंगावर असताना, लेकानंच तेच फळ दुधात कालवून मायच्या पुढं ठेवलं तर ती मुक्काम करील काय? ती ताटावरून उठून थेट दमणीत जाऊन बसेल.

"मी सफरचंद सोडलं," रामाजी म्हणाले. "तवा सौसरात सफरचंद दिसतच नव्हतं. म्हटलं, देवाचंही राहते, आपलंही राहते. आता चौकात गाडे लागून राहिले." त्यांनी माझ्या पिशवीत वाकून एक सफरचंद उचललं, हुंगलं आणि परत ठेवलं.

तेवढ्यात कलाबाई बाहेर आली. तिनं पपई सोडली होती. "मले वासच सहन नाही होत तिचा," ती म्हणाली.

"आवडीचं सोडा लागते," रामाजी म्हणाले.

"देव काय माह्या ताटात वाकून पाह्यते काय?"

यावर दोघांचं बराच वेळ चाललं. शेवटी रामाजी माझ्याकडं वळले. "ते जाऊ दे. तू सांग, तुह्या मायले सगळ्यात काय आवडते? तेच सोडलं असन तिनं."

मी पिशवीतली फळं एकेक करून पाहिली. मायला कोणतं फळ आवडतं, हे मला माहीत नव्हतं. लहानपणी घरात आंबा आला की माय कोय चोखायची आणि म्हणायची, मले रस नाही आवडत. सीताफळ आलं की म्हणायची, मले बिया काढाचा कंटाळा येते. संत्र्यांचा बगीचा घरचा, पण ती संत्रं सोलायची ते आमच्या हातात द्यायला. तिनं एखादं फळ पूर्ण खाल्लेलं मला आठवेना. मी सरकारी नोकरीला लागलेला, बाल-बच्चेवाला व्हायला निघालेला माणूस, मला गल्लीत उभं राहून रडू यायला लागलं. मी पिशवी उचलून घरात गेलो. अनुराधाला विचारलं, तर ती म्हणाली, "तुमची माय आहे, मला कसं माहीत असणार? पण दूध वेगळं ठेवा, फळं वेगळ्या वाट्यांत ठेवा, त्या घेतील हवं ते." मी चिडलो. मी म्हणालो, त्याला फ्रूट सलाद म्हणत नाहीत, त्याला फळांचं दुकान म्हणतात.

माझ्याजवळ एक सरळ उपाय होता. बसवाल्यानं सांगितलं होतं की शुक्रवारचा मुक्काम जबलपूरच्या धर्मशाळेत आहे आणि तिथं फोन आहे. शनिवारी सकाळीच मी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला. खिडकीतल्या बाबूनं विचारलं, "अर्जंट का ऑर्डिनरी?" मी म्हणालो अर्जंट. "मयत हाये काय?" मी म्हणालो, नाही, फळ आहे. त्यानं पेन खाली ठेवून माझ्याकडं पाहिलं, मग परत उचललं. मी जनपदचा माणूस असल्याचं सांगितलं नाही. ऑफिसची इज्जत असते.

बऱ्याच वेळानं लाइन लागली. पलीकडं यात्रा बसचा मॅनेजर होता. मध्ये एवढी खरखर होती की मला ओरडावं लागलं.

"हॅलो, मैं सौसर से बोल रहा हूँ. पंचफुलाबाई ने कौन-सा फल छोड़ा?"

"कल नहीं, आज छोड़ेंगे."

"कल नहीं, फल. फल."

"हाँ हाँ, पक्का. शाम को सौसर में छोड़ेंगे."

"अरे भाई, गया में क्या छोड़ा?"

"गया में किसी को नहीं छोड़ा. सब गाड़ी में बैठे हैं."

"आप समझ नहीं रहे. मेरी माँ ने गया में जो छोड़ा—"

लाइन कटली. मी मागं वळलो, तर मनिऑर्डरच्या रांगेतले सगळे लोक माझ्याकडं पाहून राहिले होते. एका म्हाताऱ्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सापडन बाबू, सापडन. गया मोठं गाव नाही." मी त्याला काही समजावलं नाही. माझा गळा बसला होता, आणि मला वाटलं, घरी जाऊन दूध तरी आटवावं.

दूध आटवलं. ते चांगलं आटलं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढं जे झालं त्यात दुधाचा दोष नव्हता. कस्टर्डच्या पुडीचा किराणावाल्याकडं एकच डबा होता, गुलाबी रंगाचा. त्यामुळं सलादाला थोडी होळीची कळा आली. बर्फ आणला, पातेलं बर्फात ठेवलं. मग मी विचार केला. पपई कलाबाईच्या वासामुळं बाद. संत्रं आंबट, दूध फाटेल, ते बाद. राहिली केळी, चिकू, द्राक्षं, डाळिंब आणि सफरचंद. एकंदर अंदाजानं मला ही पाच बिनधोक वाटली. चिरून टाकली. चव पाहिली. इतकं चांगलं काम मी ऑफिसात कधी केलं नव्हतं.

तेवढ्यात गल्लीत बैलांच्या घुंगरांचा मोठा आवाज आला आणि श्रावणभाऊची दमणी धडधडत दारात आली. तो संध्याकाळी यायचा होता. डोक्यावर टोपी नव्हती, डोळे लाल. "परभाकर, माय कुठं हाये? खरं सांग."

"बसमध्ये."

"मंग बोरगावात कावून म्हणून राहिले की माय गयेलेच सोडून आले? तू पोस्टात रडत होता म्हणे."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि ट्रंक कॉलची सगळी हकीकत सांगितली. ती ऐकून त्याला हसू यायला पाहिजे होतं. त्याला राग आला. बैलांना पाणी न पाजता त्यानं एवढ्या घाईनं आणलं होतं. मग पाणी पिऊन तो जरा शांत झाला, पातेल्यात डोकावला आणि म्हणाला, "चिकू कायले टाकले?"

"का?"

"दुपारी माय चिकूच्या झाडाखालीच बसते. तेच सोडलं असन."

आईच्या बाबतीत मोठ्या भावाचं ऐकावं लागतं. चिकू चमच्यानं काढले. चिकूचे तुकडे दुधात विरघळतात ही माहिती मला नवी होती. मग कलाबाई आली. तिच्या बहिणीच्या सासूनं यंदा गयेला द्राक्षं सोडली होती, आणि म्हणे त्या पंड्याकडं यंदा सगळ्या बायांनी द्राक्षंच सोडली. द्राक्षं काढली. मग रामाजी. "एकादशीले तुही माय केळावरच राहते ना? मंग आवडत असन." केळी काढली. डाळिंबाबद्दल कोणी काहीच म्हणालं नाही. पण एवढं सगळं काढल्यावर डाळिंब तरी कोणत्या तोंडानं ठेवायचं, म्हणून तेही काढायला घेतलं. डाळिंबाचे दाणे चहाच्या गाळणीनं काढावे लागतात, आणि काढल्यानंतरही बुडाशी दोन-चार सापडत राहतात. गुलाबी दुधात ते दिसतही नाहीत.

पातेल्यात फक्त सफरचंद राहिलं. "ते राहू दे," रामाजी मायेनं म्हणाले. "ते बोरगावच्या बाईले ठाऊकच नाही." मग विचार करून म्हणाले, "पण दुधाचं काय? सोडलेलं फळ ज्याले लागलं ते दूधही चालत नाही."

"कोणी सांगितलं?"

"मले पंड्यानं सांगितलं."

मी पातेलं उचललं आणि मला पहिल्यांदाच ते कोणाच्या तरी डोक्यावर ओतावंसं वाटलं. पण ओतलं कलाबाईच्या म्हशीच्या घमेल्यात. म्हशीनं दोन घोट घेतले आणि तोंड फिरवलं. मग दुसरं दूध. गवळी दुपारचा येत नाही. मी स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलातून दूध मागून आणलं. त्यात पाणी होतं, ते आटता आटता दिवस गेला. कस्टर्ड संपलं होतं. शेवटी बस यायच्या वेळेला माझ्यापुढं काय होतं, तर एक पातेलं पांढरं दूध आणि त्याच्याभोवती अनुराधानं मांडलेल्या वाट्या. एकीत केळी, एकीत चिकू, एकीत द्राक्षं, असं सगळं. संत्र्याच्या फोडीसुद्धा सोलून ठेवल्या होत्या. मी तिच्याकडं पाहिलं नाही. तीही काही म्हणाली नाही. या बाबतीत ती चांगल्या घरची आहे.

माय आली. उन्हानं काळवंडली होती, वाळली होती, पण डोळे साफ होते. हातात गंगेच्या पाण्याचा गडू. सगळ्यांनी पाया पडून घेतलं, रामाजींनीसुद्धा. पाटावर बसली, जेवली. अनुराधाच्या कढीला नेहमीसारखी नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मला थोडी शंका आली होती. मग मी पातेलं आणि वाट्या पुढं आणल्या.

"माय, तू गयेले कोणतं फळ सोडलं?"

"कायचं फळ?"

"पंड्यानं सोडायला लावलं असेल ना? आवडीचं?"

"हो. लावते ना तो." माय पाणी प्यायली. "तो म्हणे, माताजी, सबसे प्यारा जो है वो छोड़ो. मी म्हटलं, महाराज, फळ काय, भेटलं त खाल्लं, नाही भेटलं त नाही. मले आवडते माही चूल. तेच सोडली."

श्रावणभाऊनं हातातला घास ताटात ठेवला. "चूल सोडली म्हणजे काय माय?"

"म्हणजे तुह्या घरची चूल आता विजयमालेची." विजयमाला म्हणजे श्रावणभाऊची बायको. "लगन होऊन आली तवापासून ते पोरगी भाजी चिरून देते, पीठ मळून देते, पाणी आणून देते. पण चूल म्या तिच्या हाती देल्ली नाही. हा परभाकर दरवेळी म्हणे, माय, राह्य. मी याच्याकडं एक रात्र राहिली असती, त सकाळी चूल तिनं पेटवली असती. मंग चूल माही राहिली नसती. म्हणून पळत होती मी बसच्या मागं. यात्रेपुरती चूल तिच्याकडं देल्ली, तेही परत घ्याच्या बोलीवर."

इतकी वर्षं मी समजून राहिलो होतो की माझ्या घरात काही खोट आहे, माझ्यात आहे, अनुराधात आहे. पंखा घेतला, खाट घेतली. अनुराधानं किती रात्री रडून काढल्या ते मला माहीत आहे. आणि भांडण आमच्याशी नव्हतंच. अनुराधा दाराच्या चौकटीला धरून उभी होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहून राहिलं होतं. तिनं ते पुसलंही नाही.

"त मंग," श्रावणभाऊ म्हणाला, "दमणी?"

"दमणी घेऊन तू जा. मी इथं राहीन. उद्याही राहीन. तिले सांग, सकाळी उठून पेटव म्हणा."

"तिले खरं नाही वाटनार माय."

"मले तरी कुठं खरं वाटून राहिलं," माय म्हणाली. मग तिनं वाट्यांकडं पाहिलं, एकेक वाटी उचलली आणि सगळी फळं पातेल्यात ओतली. संत्र्याच्या फोडी तेवढ्या बाजूला ठेवल्या. "संत्रं टाकलं त दूध फाटते," ती मला म्हणाली, जशी काही ही गोष्ट मलाच माहीत नसावी. तिनं दोन वाट्या सलाद खाल्लं. रामाजी एका बाजूला बसून आधीच वाटीत काढून घेतलेलं, सफरचंद न लागलेलं दूध पीत होते आणि पातेल्याकडं पाहत होते.

त्या रात्री मच्छरदाणीत माय झोपली. मला आनंदानं झोप येईना, म्हणून पहाटे पहाटे लागली. जाग आली ती फुस-फुस अशा आवाजानं. आमच्या दोन खोल्यांच्या घरात चूल नाही, रॉकेलचा स्टो आहे. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात माय बसली होती आणि स्टोला पंप मारून राहिली होती. अनुराधा उठून दारात उभी राहिली होती.

"माय, तू तर सोडलं ना?" मी पांघरुणातूनच म्हणालो.

"चूल सोडली. हे काय चूल हाये काय?" माय वळूनही न पाहता म्हणाली. "अनुराधे, याची पिन कुठं ठेवतं तू? तोंड बंद झालं याचं."

अनुराधानं कोनाड्यातून पिन काढून मायच्या हातात दिली. मग तिनं पाट ओढला, लग्नानंतर पहिल्यांदाच आपल्या स्वयंपाकघरात निवांत बसली, आणि चहा व्हायची वाट पाहू लागली.